मयताच्या पैशातली पहिली उचल

उचल हा शब्द कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मुकादम तोडणीच्या टोळीला देतो ती उचल, आणि उसाचा अंतिम दर ठरण्याआधी कारखान्याने शेतकऱ्याच्या खात्यावर टाकायची तीही उचल. हंगामाच्या तोंडावर जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिली उचल किती मागायची ते ठरते, मग रस्त्यावर ट्रॅक्टर अडतात, टायरींतली हवा जाते, बैठका होतात आणि शेवटी आकडा निघतो. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेले आहे. आमच्याकडे चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसालाही ते तोंडपाठ असते.

तोच शेतकरी एके दिवशी जातो. बँकेतला, पतसंस्थेतला, कारखान्याकडे येणे असलेला असा त्याच्या नावावरचा सगळा पैसा जागच्या जागी अडकतो. त्यासाठी मात्र कुणी ट्रॅक्टर अडवत नाही. घरातलीच माणसे म्हणतात, होईल की सावकाश. हे 'सावकाश' घरातल्या कुणाला परवडते आणि कुणाला नाही, एवढ्यावरच वाटणीचा निम्मा निकाल लागून गेलेला असतो.

माझे वडील २०२३ च्या श्रावणात गेले. मागे करवीर तालुक्यात ४५ गुंठे ऊस, पेठेत एक जुने घर, एका सहकारी बँकेत सहा लाखांच्या आतबाहेर ठेव, एका पतसंस्थेत थोडेफार, आणि सोसायटीचे पीककर्ज. आई त्यांच्या आधी चार वर्षे गेलेली. ठेवीवर नॉमिनी म्हणून तिचेच नाव. वारस आम्ही तिघे. थोरली आक्का इचलकरंजीत दिलेली, तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. मधला मी, शाळेत शिक्षक, महिन्याच्या महिन्याला पगार. धाकटा पुण्यात.

कोल्हापुरात मरण तसे स्वस्त आहे. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही आणि शेणी, म्हणजे गोवऱ्या, लोकांनी दान दिलेल्या असतात. खर्च झालेला असतो तो त्याआधी, दवाखान्यात. वडिलांचे शेवटचे बिल चुकते करताना मी आणि धाकट्याने आपापले भरले, आणि कमी पडलेले ९० हजार आक्काने पाटल्या गहाण ठेवून आणले. रक्षाविसर्जन झाले, दिवसकार्य झाले, पाहुणे पांगले. बाराव्या दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली, "बाळू, बाबांच्या ठेवीतलं माझ्या वाटणीचं दोन लाख आधी काढून दे. पोरीची फी भरायची हाय."

मी म्हणालो, "कागद होऊ देत की आक्का. पैसं काय पळून चाललंय व्हय?"

या वाक्यात वाईट काही नाही असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. आता वाटते, पगारी माणसाशिवाय हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडी येऊच शकत नाही. माझे पैसे पळून चालले नव्हते हे खरे. तिच्या पोरीच्या फीची तारीख पळून चालली होती.

प्रोबेट हा शब्द आपल्याकडे फारसा कानावर येत नाही. मृत्युपत्र कोर्टातून सिद्ध करून घेण्याची सक्ती १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने घातली होती ती मुंबई, कलकत्ता, मद्रास या जुन्या इलाखा-शहरांपुरती. कोल्हापुरात केलेल्या आणि इथल्याच मिळकतीबद्दलच्या मृत्युपत्राला ती कधीच नव्हती. आणि मुळात मृत्युपत्र करतो कोण? 'माझ्या मागं पोरं बघून घेतील' असे म्हणत माणसे जातात आणि पोरे पुढची दहा वर्षे एकमेकांकडे बघत बसतात. त्यामुळे आपली वाट वेगळी. जमिनीला वारस नोंद, ठेवीला आणि शेअर्सना कोर्टाचे वारसा प्रमाणपत्र, आणि काही ठिकाणी आणखी एक 'वारस दाखला', जो अजूनही कंपनी सरकारच्या १८२७ च्या रेग्युलेशनखाली निघतो.

वारस नोंदीची रीत कागदावर सरळ आहे. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र घेऊन तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची. सहा-क ला, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, नोंद होते, मग फेरफार धरला जातो, सगळ्यांना नोटिसा निघतात, १५ दिवस हरकतीची वाट बघायची, आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले, त्याला शंभर वर्षे होऊन गेली. आता त्या पदाचे नावही बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, गावात अर्थात अजून तलाठीच. एवढे सगळे होऊनही २०२५ मध्ये राज्य सरकारला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढावी लागली, कारण मेलेल्यांची नावे सातबाऱ्यावर तशीच नांदत होती. याचा सगळा दोष कचेरीवर टाकून चालणार नाही. नोंद न करण्यात घरातल्याच कुणाचा तरी फायदा असतो. जो जमीन कसतो, ज्याच्या हातात घराची किल्ली आहे, त्याला कसली घाई? उशिराचे व्याज त्याला मिळते, ऊसबिलाच्या रूपाने.

आमच्याकडे भांडण नव्हते. तरी बँकेने वारसा प्रमाणपत्र मागितले, आम्ही अर्ज केला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापली, आणि प्रमाणपत्र हातात पडायला अकरा महिने गेले. दरम्यान ऊस गाळपाला गेला. नोंद वडिलांच्या नावची, म्हणून बिलही त्यांच्याच नावे आले. सोसायटीने त्यातून पीककर्ज ठरल्या वेळी वळते करून घेतले आणि उरलेले 'मयत खाते' म्हणून बाजूला ठेवले. वसुलीला वारस दाखला लागत नाही हे मला त्या दिवशी कळले.

त्या वर्तमानपत्रातल्या नोटिशीनंतर पंधराएक दिवसांनी आक्काच्या दारात एक गृहस्थ उभा राहिला. पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत स्टॅम्पपेपर आणि पाचशेच्या नोटांची बंडले. ओळखीपाळखीचा नव्हे, नोटीस वाचून आलेला. आक्काने नंतर त्याचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. "आक्का, तुमचं भावाबहिणीचं काय असंल ते तुमच्यापाशी. मला तुमचा हिस्सा लिहून द्या. चार लाख आत्ता मोजून घ्या, दोन लाख सगळं क्लिअर झाल्यावर. कोर्ट-कचेरी, तलाठी, मी बघतो. तुम्ही निवांत ऱ्हावा." त्याला हवे होते एक संचकारपत्र, म्हणजे विसार घेऊन केलेला विक्रीचा करार, आणि एक वटमुखत्यारपत्र, म्हणजे आक्काच्या वतीने सह्या करायचा अधिकार. आमच्या बाजूला त्या वेळी गुंठ्याला दीड लाखाने व्यवहार होत होते. आक्काच्या वाटणीला १५ गुंठे येणार, म्हणजे साडेबावीस लाख. पेठेतल्या घराचा तिसरा हिस्सा वेगळाच. त्या सगळ्याचे सहा लाख, त्यातले दोन नुसत्या भरवशावर.

तिच्या मुलीने वटमुखत्यारपत्र मोठ्याने वाचायला घेतले. खाली जागा मोकळ्या सोडलेल्या होत्या. 'कायमस्वरूपी व रद्द न करता येणारे' या शब्दांशी ती थांबली. आक्काने मला फोन लावला आणि विचारले, "बाळू, चार लाखाला सही करू का?" तिच्या आवाजात राग नव्हता. खरेच विचारत होती ती.

त्या माणसाचा धंदा आपल्याला नवा नाही, पण अमेरिकेत याचे रीतसर दुकान आहे. तिथे माणूस गेला की पुष्कळदा त्याची मिळकत कोर्टाच्या देखरेखीखाली जाते. नेमलेला व्यवस्थापक देणी भागवतो, कर भरतो, घर विकायचे तर विकतो आणि उरलेले वारसांना वाटतो. वर्ष-दीड वर्ष त्यात सहज जाते. तेवढा काळ दम धरणे ज्याला शक्य नाही त्याच्यासाठी कंपन्या आहेत. त्या वारसाला आज रोख रक्कम देतात आणि त्याच्या हिश्श्यातला ठरावीक भाग स्वतःच्या नावे लिहून घेतात. पत बघत नाहीत, नोकरी विचारत नाहीत, हप्ता नाही. पुढे मिळकतीतून काहीच निघाले नाही तर बूड कंपनीची; वारसाच्या दारात वसुलीला कुणी येत नाही. प्रोबेटची प्रकरणे सार्वजनिक असतात, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायलाही फार लांब जावे लागत नाही. आमच्या पिशवीवाल्याने जाहीर नोटीस वाचली, तसेच.

या कंपन्या सांगतात की हे कर्ज नव्हे, ही हिश्श्याची खरेदी आहे. असे म्हणण्यामागे कारण आहे. कर्ज म्हटले की व्याजदराचे कायदे आले. खरेदीला व्याज नसते. समजा, कंपनीने आज दहा हजार डॉलर दिले आणि पंधरा हजारांचा हिस्सा लिहून घेतला. प्रकरण सहा महिन्यांत मिटले, तर ते वर्षाला शंभर टक्के व्याज झाले. दोन वर्षे रखडले, तर पंचवीस टक्के. कॅलिफोर्नियाच्या प्रोबेट संहितेने त्यावर लगाम घातला आहे तो असा, की असा करार कोर्टात दाखल करायचा, आणि मोबदला अगदीच अवाजवी दिसला तर त्यात हात घालायचा अधिकार कोर्टाला. धंदा बंद केला नाही, उजेडात आणून बसवला.

माझ्या ओळखीच्या एका तरुण वकिलाला हे इथेही हवे आहे. त्याचे म्हणणे मी टाकाऊ मानत नाही. तो म्हणतो, "सर, तुमच्या ताईकडे त्या दिवशी दोनच रस्ते होते. सावकार नाहीतर तो पिशवीवाला. तिसरा, परवाना घेतलेला, कागदावरचा रस्ता असता तर काय बिघडलं असतं? निदान हिस्सा बुडाला तरी ती बुडाली नसती." यातला शेवटचा मुद्दा खरोखर वजनदार आहे. सावकाराचे कर्ज माणसाच्या मानगुटीवर बसते. हिस्सा मिळो न मिळो, मुद्दल-व्याज उभेच. शिवाय रोख हातात आली की वारसाचा कणा ताठ होतो. भाऊ म्हणाला, 'एवढ्यावर हक्कसोड दे', तर ती म्हणू शकते, 'नाही देत, थांबते.' आपल्या किती बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही केली ती माहेर तुटेल म्हणून, आणि कितींनी हातात त्या महिन्यात पैसे नव्हते म्हणून, हे कधी कुणी मोजले आहे का? मला तर वाटते, भीतीपेक्षा नड मोठी असते आणि आपण तिला माया म्हणतो.

तरीही मी त्या वकिलाशी सहमत नाही. अमेरिकेत वारसाच्या आणि कंपनीच्या मध्ये कोर्टाने नेमलेला व्यवस्थापक असतो. तो मिळकत रोकड करतो आणि कंपनीला तिचे पैसे मोजून देतो. कंपनी घरात पाऊल टाकत नाही. आपल्याकडे असा मधला माणूस नाही. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाप ज्या क्षणी जातो त्या क्षणी हिस्सा वारसांत येतो. बाप जिवंत असताना त्याच्या मिळकतीची नुसती आशा विकता येत नाही, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने तशी मनाई केली आहे. पण तो गेल्यावर न वाटलेला हिस्साही विकता येतो. म्हणजे इथे वारशावरची आगाऊ रक्कम परत फिटणार ती जमिनीतून किंवा घरातून. देणाऱ्यालाही पैसे परत नकोच असतात. त्याला आक्काच्या पाटावर बसायचे असते. एकदा का तो सहहिस्सेदार झाला, की वाटपाचा दावा लावायला मोकळा; मग भावांनी एक तर त्याच्या दराने त्याला विकत घ्यायचे, नाहीतर शेताचे तुकडे बघायचे. उचल घेतली बहिणीने, फेड करायची सगळ्या घराने.

कायदा याबाबतीत झोपलेला आहे असेही नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २२ व्या कलमाने एका वारसाने हिस्सा विकायला काढला तर बाकीच्यांना तो घ्यायचा पहिला हक्क दिला आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेऊन वाटपाला आला तर घरच्यांना तो वाजवी किमतीत परत घेता येतो, हे तर १८९३ पासून आहे. पण हा हक्क बजावायला आधी व्यवहार झाल्याचे कळायला हवे! पिशवीतल्या स्टॅम्पपेपरची बातमी भावाला लागते ती दोन वर्षांनी, नोटीस आल्यावर. सावकारीचा २०१४ चा कायदाही आपल्याकडे कडक आहे. परवान्याच्या सावकाराने शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्क्यांहून जास्त व्याज लावायचे नाही, आणि बेकायदा सावकारीत गेलेली जमीन १५ वर्षांपर्यंत परत मिळवता येते. पण पिशवीवाला सावकार नव्हेच की! तो खरेदीदार. कॅलिफोर्नियातला असो की गंगावेशीतला, युक्ती तीच. कर्जाला दुसरे नाव दिले की कायदा बाजूने निघून जातो.

मग आक्काने काय करायचे होते? नड खरी, सावकार नको, पिशवीवाला नको, परदेशी धर्तीची कंपनीही नको, तर उरते काय?

उरतो बापाचाच पैसा. तो तिथेच होता, सहा लाख, त्याच बँकेत. आक्काला परक्याकडून आगाऊ रक्कम घ्यायची वेळ आली ती तिच्या स्वतःच्या पैशाला कुलूप होते म्हणून. वारशाच्या आगाऊ रकमेचा बाजार जिथे उभा राहतो, तिथे तो या कुलपावर उभा असतो. म्हणून माझे म्हणणे असे, की मयताच्या पैशातून वारसांना पहिली उचल मिळाली पाहिजे, मुदतीत आणि हक्काने. कोर्टाचे जे काही व्हायचे ते मागाहून होत राहील.

ही माझी कल्पना नव्हे. कायद्याच्या पोटात ती शंभर वर्षे पडून आहे. १९२५ च्या वारसा कायद्याचे ३२० वे कलम मी या निमित्ताने पहिल्यांदा वाचले आणि खाली ठेवून दिले, पुन्हा वाचले. मयताच्या मिळकतीतून बाकी कोणतेही देणे देण्याआधी त्याच्या अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि मरणाआधीच्या आजारपणाचा, वैद्याच्या फीसकटचा खर्च द्यायचा, असे ते सांगते. पुढे ३२२ व्या कलमात मजुरांची आणि घरगड्याची शेवटच्या तीन महिन्यांची मजुरी येते. म्हणजे कायदा करणाऱ्याला ठाऊक होते की माणूस मेल्यावर सगळ्यात आधी दवाखाना आणि गडीमाणसे भागवायची असतात. आक्काने पाटल्यांवर आणलेले ९० हजार हे नेमके तेच देणे होते. वडिलांच्या ठेवीवरचे पहिले नाव खरे तर त्या पाटल्यांचे. पण काउंटरवर ३२० वे कलम कोण सांगणार? मी सांगितले असते तरी समोरच्याने 'वरून सर्क्युलर आलं नाही' म्हटले असते, आणि त्याचेही चुकले नसते. आमच्यासाठी त्याने नोकरी का घालवावी?

सर्क्युलर आता आले आहे, निदान निम्मे. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मयत खातेदारांच्या दाव्यांबद्दल सगळ्या बँकांना एकच नियम घालून दिला. नॉमिनी नसेल आणि वारसांत तंटा नसेल तर व्यापारी बँकांनी किमान १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांनी किमान ५ लाखांपर्यंत कोर्टाचा कागद न मागता दावा मिटवायचा. कागद पुरे झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेमुळे उशीर झाला तर ठेवीवर बँक रेटच्या, म्हणजे रिझर्व्ह बँक ठरवते त्या दराच्या, वर ४ टक्के व्याज. ३१ मार्च २०२६ ही अंमलबजावणीची शेवटची तारीख. आमच्या वेळी प्रत्येक बँकेची मर्यादा आपापली होती. उसाला १४ दिवस आणि मयताला १५, हे ऐकून बरे वाटते. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनीही लावता येतात. अर्थात नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत ते १९८४ मध्ये सांगितले, आणि 'कालनिर्णय'च्या जयंत साळगावकरांच्या वारसांच्या खटल्यात शेअर्सबाबत २०२३ मध्ये पुन्हा. तरी गावात अजून ज्याचे नाव पासबुकावर त्याचा पैसा हीच समजूत आहे.

पण कोल्हापूरकराचा पैसा फक्त बँकेत कुठे असतो? तो पतसंस्थेत असतो, विकास सोसायटीत, दूध संस्थेत, कारखान्याच्या शेअरमध्ये आणि थकलेल्या बिलात असतो. यांतल्या कुणालाही रिझर्व्ह बँकेचा हा नियम बांधत नाही. हा सहकार खात्याचा विषय आहे, म्हणजे राज्य सरकारचा. ज्या जिल्ह्याने सहकार वाढवला त्याच जिल्ह्यात मयत सभासदाचे पैसे सगळ्यात उशिरा सुटावेत हे मला खटकते. संस्थेच्या वार्षिक सभेत लाभांशावर तास-तास भांडणारे आपण, मयत सभासदांच्या अडकलेल्या रकमा किती, असा प्रश्न एकदा तरी विचारतो का?

दुसरी गोष्ट रिझर्व्ह बँकेच्या नियमातही राहून गेली आहे, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची. दावा करताना जे वारस पैसे मागत नाहीत त्यांची ना-हरकत घ्यायची पद्धत आहे. सोयीची आहे, कबूल. पण होते काय? बहिणी ना-हरकतीवर सही करतात आणि सगळी रक्कम एका भावाच्या खात्यात जाते. 'मागनं वाटून घेऊ.' त्या भावाच्या हातात आता जमीन, घर आणि रोखही. आधीच थांबू शकणाऱ्याला आपण आणखी थांबायची ताकद दिली. म्हणून पहिली उचल ज्याच्या त्याच्या खात्यावर जायला हवी, हिश्श्याप्रमाणे. दवाखान्याचे बिल ज्याने भरले त्याला पावतीवर आधी, मग उरलेल्यातून तिघांना सारखे. यात संस्थेची जोखीम काय? एखादा चौथा वारस निघाला तर निघाला. त्यासाठी हमीपत्र आहेच, आणि सगळी रक्कम थोडीच द्यायची आहे, निम्मी राखून ठेवा. तंटा असेल तेव्हा तर ही उचल जास्तच लागते, कारण तंट्यात नडलेला वारस आधी वाकतो. आज नियम उलटा आहे: तंटा आहे म्हटले की दमडीही सुटत नाही. त्यामुळे ज्याला दुसऱ्याला जेरीस आणायचे आहे त्याने फक्त एक हरकत-अर्ज द्यायचा. कागद आठ आण्याचा, काम लाखाचे.

आणि पिशवीवाल्यासाठी एवढेच: वडिलांच्या नावची नोंद उतरण्याआधी वारसाने हिश्श्याबद्दल काहीही लिहून दिले, संचकार असो की वटमुखत्यार, तर ते नोंदवल्याशिवाय आणि बाकीच्या वारसांना नोटीस गेल्याशिवाय धरू नये, महिनाभर तरी मोडायची मुभा असावी. हिस्सा तिचा, विकायचा तर तिने खुशाल विकावा, मी कोण तिला अडवणारा? पण दारात नोटांची बंडले ठेवून घेतलेली सही आणि महिन्याने शांतपणे केलेली सही या दोन वेगळ्या सह्या आहेत. कचेरीचा आणखी एक हेलपाटा वाढेल ही तक्रार मला मान्य आहे. ज्या व्यवहारात १५ गुंठे जाणार आहेत त्यात एक हेलपाटा मी सोसायला तयार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आले आणि अपिलासाठी पावणेचारशे किलोमीटर मुंबई गाठायची वेळ टळली. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी कित्येक दशके आंदोलन केले. थांबण्याचा खर्च कमी करणे म्हणजे काय ते या भागाला नव्याने शिकवायला नको.

आक्काला मी त्या फोननंतर दोन लाख दिले. शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून, 'वारसाच्या हिश्श्यापोटी आगाऊ' असे एका कागदावर लिहून, धाकट्याची साक्ष घेऊन. बारा दिवसांत देता आले असते ते चार महिन्यांनी दिले. व्याज लावले नाही. त्यात मोठेपणा काही नाही, उशीर माझाच होता. सगळे पैसे फीला आणि वर्षभराच्या घरखर्चाला गेले, पाटल्या होत्या तिथेच राहिल्या.

अकरा महिन्यांनी ठेव सुटली तेव्हा आम्ही तिघे पेठेतल्या घरात वही घेऊन बसलो. दवाखान्याचे ज्याचे त्याने भरलेले आधी बाजूला काढले. मग पाटल्यांचे व्याज आले: ९० हजारांवर १२ टक्क्यांनी अकरा महिने, ९,९०० रुपये. धाकट्याने विचारले, हे कशात धरायचे? मी म्हणालो, बाबांच्या खर्चात, म्हणजे तिघांत सारखे. प्रत्येकी ३,३००. आक्काच्याही नावासमोर ३,३०० लिहिले, म्हणजे बापाच्या औषधपाण्यासाठी गहाण पडलेल्या स्वतःच्या पाटल्यांच्या व्याजातला तिसरा हिस्सा तिनेच भरला. तिने वहीत वाकून आकडा बघितला आणि म्हणाली, "बरोबर हाय."